एक ऑस्ट्रेलियाचा, एक न्यूझीलंडचा: स्थलांतरितांचे कोणते सिनेमे बघायचे?

मुलगी ऑकलंडला, भाचा मेलबर्नला, शेजारच्या काकू नातवंडं सांभाळायला सहा-सहा महिने सिडनीत. आपल्याकडे अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. बाहेरून येऊन त्या देशांत राहिलेल्या माणसांचं आयुष्य कसं असतं, हे सिनेमातून समजून घ्यायचं म्हटलं तर सिनेमे भरपूर आहेत, पण सगळेच वेळ देण्याजोगे नाहीत. म्हणून ही तुलना. तुमच्याकडे दोन संध्याकाळी मोकळ्या आहेत आणि एक सिनेमा ऑस्ट्रेलियाचा, एक न्यूझीलंडचा निवडायचाय, असं धरून चालते.

माझी कसोटी आधी सांगते. या सगळ्या सिनेमांत घरात एक तरी वडीलधारं माणूस असतं. आजी, बाप, आई, कुणी तरी. ते माणूस तरुणांच्या वाटेत आडवं येण्यापुरतं ठेवलंय, की त्याला स्वतःला काही हवंय? मुलीच्या लग्नाला नाही म्हणणं एवढंच बापाचं काम असेल, तर दिग्दर्शकानं तो समाज रस्त्यावरूनच पाहिलाय. आजीला स्वतःचं गुपित असेल, स्वतःचा हट्ट असेल, तर कॅमेरा उंबरठा ओलांडून आत गेलेला असतो. नाच, सण, पंगती कुणीही दाखवतं. म्हातारीच्या मनातलं दाखवायला त्या घरात ऊठबस लागते.

या कसोटीवर काही गाजलेली नावं लगेच बाजूला पडतात. 'दे आर अ विअर्ड मॉब' हा 1966 चा सिनेमा ब्रिटिश दिग्दर्शक मायकल पॉवेल यांचा. इटलीहून सिडनीला आलेला पत्रकार नीनो बांधकामावर राबत तिथली बोली आणि रीतभात शिकतो. गोऱ्यांनाच आत घेण्याचं 1901 पासूनचं धोरण तेव्हा पुरतं गेलेलं नव्हतं. ते मोडीत निघालं 1973 मध्ये. सिनेमा प्रेमळ आहे, पण त्याचं सगळं लक्ष यजमानांकडे आहे, नीनोनं मागे सोडलेल्या घराकडे नाही. 1992 चा 'रॉम्पर स्टॉम्पर' रसेल क्रोमुळे प्रसिद्ध झाला. मेलबर्नच्या फुटस्क्रे भागात व्हिएतनामी लोकांवर तुटून पडणाऱ्या निओ-नाझी टोळीची ती गोष्ट. टोळीतला प्रत्येक पोरगा आपल्याला नीट ओळखू येतो, व्हिएतनामी माणसं मात्र घोळक्यानं येतात आणि जातात. न्यूझीलंडचा 'ब्रोकन इंग्लिश' 1996 चा. ऑकलंडमधलं क्रोएशियन कुटुंब, मुलगी नीना, तिचा माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, मित्र एडी आणि आडवा येणारा बाप. बापाचं काम राडे शेरबेजियासारख्या ताकदीच्या नटानं केलंय, तरी लेखनात तो बाप भिंतच राहतो.

आता खरी निवड. ऑस्ट्रेलियाच्या बाजूनं आधी दोन हलकेफुलके सिनेमे समोरासमोर ठेवू: 'लुकिंग फॉर अलिब्रँडी' (2000) आणि 'अलीज वेडिंग' (2017).

अलिब्रँडी म्हणजे जोसी, सिडनीच्या एका कॅथलिक मुलींच्या शाळेत शिष्यवृत्तीवर शिकणारी, बारावीच्या वर्षातली मुलगी. मेलिना मार्चेटा यांच्या 1992 च्या कादंबरीवरून सिनेमा झाला, पटकथाही त्यांचीच, दिग्दर्शन केट वूड्स यांचं. सुरुवातीलाच वर्षाचा टोमॅटोचा दिवस येतो. अख्खं खानदान परसात जमलंय, टोपल्यांनी टोमॅटो आलेत, ते उकळतायत, त्यांचा गर काढतायत, बाटल्या भरतायत, इटालियन गाणी चालू आहेत. आणि या सगळ्याच्या मधोमध उभ्या असलेल्या जोसीला तिथून पळून जावंसं वाटतंय. हे दृश्य रंगीबेरंगी करून विकणं सोपं होतं. इथं ते तिच्या लाजेतून दिसतं, म्हणून खरं वाटतं. पुढं जोसीची आजी, नोन्ना कातिया, जुने फोटो काढून बसते आणि हळूहळू लक्षात येतं की घराण्याच्या अब्रूबद्दल सगळ्यात जास्त बोलणाऱ्या या बाईनंच एक मोठी गोष्ट आयुष्यभर लपवून ठेवलीय. काय, ते सांगत नाही. त्या वर्षी ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार याला मिळाला.

'अलीज वेडिंग'मध्ये खोटं बोलतो तो मुलगा. मेलबर्नमधल्या इराकी मौलवींचा हा मुलगा वैद्यकीय प्रवेश परीक्षेत आपटतो आणि घरी सांगतो की उत्तम गुण मिळाले. बातमी मशिदीत पसरते, पेढे वाटल्यागत कौतुक होतं आणि बिचारा प्रवेश नसताना विद्यापीठात जाऊन वर्गात बसायला लागतो. नीटच्या निकालाचा दिवस ज्या घरानं पाहिलाय त्याला यात काहीही समजावून सांगावं लागणार नाही. ओसामा सामी यांनी ही आपल्याच आयुष्यातली गोष्ट अँड्र्यू नाइट यांच्यासोबत लिहिली आणि अलीचं कामही स्वतःच केलं. दिग्दर्शक जेफ्री वॉकर. पण सिनेमा खरा उचलून धरलाय तो बापानं. डॉन हॅनी यांनी रंगवलेले हे मौलवी मशिदीत सद्दाम हुसेनवर संगीत नाटक बसवतात, लोकांची भांडणं सोडवतात, मुलावर जीव टाकतात. पडद्यावरच्या मुसलमान धर्मगुरूला इतकं मोकळं, हसरं आणि शहाणं मी क्वचितच पाहिलंय.

दोन्हीतला कोणता? घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असेल तर अलिब्रँडी. एक सूचना: त्यात एका विद्यार्थ्याची आत्महत्या आहे, तेव्हा मुलीबरोबर तुम्हीही बसा. सगळं गणगोत जमणार असेल, आजोबांपासून नातवापर्यंत, तर 'अलीज वेडिंग' लावा. त्याचा उत्तरार्ध थोडा घाईत गुंडाळलाय, पण बापासाठी ते माफ.

आता दोन जड सिनेमे. क्लारा लॉ हाँगकाँगमध्ये नाव कमावून ऑस्ट्रेलियाला आल्या आणि 1996 मध्ये त्यांनी 'फ्लोटिंग लाइफ' केला. परभाषी चित्रपटाच्या ऑस्करसाठी ऑस्ट्रेलियानं पहिल्यांदा काही पाठवलं ते हाच सिनेमा. 1997 मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार, म्हणून चॅन कुटुंबातले आईवडील दोन धाकट्या मुलांना घेऊन सिडनीला मधल्या मुलीकडे, बिंगकडे येतात. थोरली जर्मनीत, थोरला मुलगा अजून हाँगकाँगमध्ये. बिंग आधी एकटी येऊन, कष्ट करून उभी राहिलीय आणि त्या एकटेपणानं पार कडक झालीय. आल्या आल्या ती सगळ्यांना बजावते: ऊन घातक आहे, कोळी विषारी आहेत, कुत्री अंगावर येतात. बाहेर लख्ख प्रकाश, मोठाली घरं, रुंद रस्ते आणि माणूस औषधालाही नाही. आपले आईवडील तिकडे पहिल्यांदा जाऊन आले की नेमकं हेच सांगतात: घर छान आहे गं, पण दिवसभर रस्त्यावर कुणी दिसत नाही.

पुढं बिंग कोलमडते. अंथरुणातून उठत नाही, बोलत नाही. तेव्हा आई पूर्वजांपुढं उदबत्ती लावते आणि त्यांच्याशी बोलायला लागते. मागणं मागते, तक्रार करते, लेकीसाठी रडते. कॅमेरा हलत नाही, मध्ये कुणी येत नाही. देवघरापुढं असं बोलणारी बाई आपण घरात पाहिलेली असते, पण परदेशातल्या स्थलांतरितांच्या सिनेमात तिला इतका वेळ दिलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. माझ्या कसोटीवर हा सिनेमा सगळ्यात वर आहे.

त्याच्यासमोर 'शायदा' (2023). दिग्दर्शिका नूरा नियासारी यांनी आपल्या आईची कहाणी घेतलीय. साल 1995, मेलबर्न. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून शायदा सहा वर्षांच्या मोनाला घेऊन बायकांच्या आधारगृहात राहते. पहिलंच दृश्य विमानतळावरचं. बाबांनी जबरदस्तीनं विमानात बसवायचा प्रयत्न केला तर कुणाकडे धावायचं, हे त्या एवढ्याशा पोरीला दाखवून ठेवलं जातंय. या एका प्रसंगात भीती किती खोल आहे ते कळतं. मग नवरोज, इराणी नववर्षाचा सण, जवळ येतो, शायदा धान्याला मोड आणते, सणाचं ताट मांडते, मुलीला नाचायला शिकवते. सण तिला स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अटींवर करायचाय. झार अमीर इब्राहिमी यांचा अभिनय संयत आणि जबर आहे. नवऱ्याच्या भूमिकेत आहेत तेच ओसामा सामी, अलीवाले. सिनेमाला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला.

कलाकृती म्हणून दोन्ही तोलामोलाचे. 'शायदा'ची गोष्ट सरळ पुढं जाते आणि धरून ठेवते. 'फ्लोटिंग लाइफ' तीन देशांत तुकड्यातुकड्यांनी हिंडतो, पहिला अर्धा तास धीर धरावा लागतो. ज्यांची मुलं तिकडे गेलीत, त्यांनी 'फ्लोटिंग लाइफ'च बघावा. मुलं फोनवर काय सांगत नाहीत, ते त्यात आहे.

न्यूझीलंडची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना हात हवे होते, तेव्हा सामोआ, टोंगा, फिजी अशा प्रशांत महासागरातल्या बेटांवरून माणसं ऑकलंडला आली. सत्तरच्या दशकात मंदी आली आणि त्याच माणसांच्या घरांवर, व्हिसाची मुदत संपली म्हणून, पहाटे पोलिसांचे छापे पडायला लागले. मुदत उलटलेले गोरेही पुष्कळ होते, पण छापे पडले ते बेटवाल्यांवर. पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी 1 ऑगस्ट 2021 रोजी सरकारच्या वतीनं त्याची माफी मागितली. हे माहीत असेल तर तिथले हसवणारे सिनेमेसुद्धा निराळे दिसतात.

2006 मध्ये असे दोन सिनेमे पाठोपाठ आले. 'सिओनेज वेडिंग' चार सामोअन मित्रांचा, तिशीत येऊनही पोरकटपणा न सोडणाऱ्यांचा. चर्चचे पाद्री बजावतात की लग्नाला यायचं तर नीट मैत्रीण घेऊन या. हसण्यासाठी उत्तम, पुढं फारसं काही नाही. 'नंबर टू' मात्र बघाच. टोआ फ्रेझर यांनी आपल्याच नाटकावरून केलेला हा सिनेमा ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातल्या एका घरात, एका दिवसात घडतो. फिजीहून आलेली नाना मारिया सकाळी उठते आणि फर्मान सोडते: आज मेजवानी. आजच. डुक्कर भाजायचं, गाणी, नाच, भांडणं सगळं झालं पाहिजे. फक्त नातवंडांनी यायचं, स्वतःच्या मुलांना बोलावणं नाही. संध्याकाळी ती आपला वारस जाहीर करणार. नातवंडं कुरकुरतात, एकमेकांशी भांडतात, सामान आणायला धावतात आणि म्हातारी खुर्चीत बसून सगळ्यांना नाचवते. तिला हवंय ते इतकं ठाम आहे की बाकी सगळी पात्रं तिच्याभोवती फिरतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला मान्य आहे. मारियाचं काम फिजियन नटीनं केलेलं नाही, आफ्रिकी-अमेरिकी रुबी डी यांनी केलंय. भूमिका त्यांनी जगलीय यात शंका नाही. चित्रीकरणासाठी त्या तिकडे असतानाच पती ओसी डेव्हिस अमेरिकेत वारले. तरीही ऐंशी वर्षांची फिजियन बाई पडद्यावर यायची संधी हुकली ती हुकलीच. याची भरपाई हवी असेल तर 'टीना' बघा. मिकी मागासिवा दिग्दर्शक, सामोअन शिक्षिकेच्या मुख्य भूमिकेत सामोअन वंशाच्याच अनापेला पोलाताइवाओ. क्राइस्टचर्चच्या 2011 च्या भूकंपात मुलगी गमावलेली ही बाई श्रीमंतांच्या शाळेत मुलांचा गाण्याचा वृंद उभा करते. कथेची वाट ओळखीची आहे, गाणं मात्र अंगावर येतं.

शाळकरी मुलं बरोबर असतील तर 'रेड, व्हाइट अँड ब्रास' (2023). 2011 च्या रग्बी विश्वचषकात वेलिंग्टनला टोंगा विरुद्ध फ्रान्स सामना. तिकिटं मिळाली नाहीत, म्हणून टोंगन पोरं सामन्याआधी वाजवायला ब्रास बँड काढतात, वाजवता कुणालाच येत नसताना. मूळ घटना खरी आहे. टोंगानं तो सामना 19-14 असा जिंकला, हेही खरं.

भारतीयांचं काय, हा प्रश्न येणारच. 'लायन' बहुतेकांनी पाहिलाय: खांडव्याचा पोरगा, बऱ्हाणपूरला स्टेशनवर चुकामूक, कोलकाता, मग टास्मानियातलं दत्तक घर. लहानग्या सरूचं काम मुंबईच्या सनी पवारनं केलंय आणि ते विसरता येत नाही. पण हा एका हरवलेल्या माणसाचा सिनेमा आहे. होबार्टच्या घरात त्याच्याभोवती भारतीय समाज नाहीच. मोठेपणी मेलबर्नला मित्रांच्या घरी जिलबी दिसते आणि तिथून शोध सुरू होतो. ब्रेट लीचा 'अनइंडियन' (2015) फक्त कुतूहल म्हणून. त्यातल्या आईला मुलीचं लग्न जमवण्यापलीकडे काही हवंच नाही.

'एप्रन स्ट्रिंग्ज' (2008) मात्र कमी लोकांना माहीत असलेला, चांगला सिनेमा. दक्षिण ऑकलंडमधलं ओटाहुहू. एका दुकानात गोरी लॉर्ना जुन्या पद्धतीचे केक करते, दुसरीकडे तारा भारतीय जेवण विकते. ताराची बहीण अनिता टीव्हीवर पाककृती दाखवते आणि दोघींत वर्षानुवर्षांचा दुरावा. अनिताचा मुलगा ओळख न सांगता मावशीच्या स्वयंपाकघरात कामाला लागतो. लेखिकांपैकी एक शुची कोठारी, दिग्दर्शिका सामोआत जन्मलेल्या सीमा उराले. भारतीय स्वयंपाकघर सामोअन डोळ्यांनी दिसतं आणि त्यामुळे कुठंही मसाल्यांचं प्रदर्शन होत नाही. भारतीय गोष्टच हवी असेल तर हा. नाही तर न्यूझीलंडची संध्याकाळ 'नंबर टू'ला द्या.

तेव्हा माझी जोडी 'फ्लोटिंग लाइफ' आणि 'नंबर टू', याच क्रमानं. सबटायटल्स इंग्रजी सिनेमालाही लावा, ऑकलंडचे उच्चार पहिल्यांदा कानाला अवघड जातात.

आणि एखादी संध्याकाळ एकट्याची मिळाली तर अ‍ॅना कोकिनोस यांचा 'हेड ऑन' (1998). मेलबर्नच्या ग्रीक घरातला, समलिंगी असल्याचं घरी सांगू न शकणारा एकोणीस वर्षांचा आरी, त्याचा एक दिवस-रात्र. पोलीस ठाण्यात त्याच्या बाईच्या वेशातल्या मित्राला मारहाण होते आणि मारणारा तरुण पोलीसही ग्रीकच असतो. लैंगिक दृश्यं उघड आहेत, अमली पदार्थ आहेत. सगळ्यांसोबत लावू नका.