पंचवटीतल्या एका शाळेचा समुपदेशन कक्ष: अनाथ मुलांच्या दृष्टीनं

या अनुदानित शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांत जवळच्या बालगृहातली मुलं येतात. आई-वडील गेल्यावर आजीकडे, मामाकडे राहणारी, बालसंगोपन या सरकारी मदतीच्या योजनेतली मुलंही आहेत. त्यांना इथे घालायचं का, असं विचारणाऱ्या पालकांसाठी आणि बालगृहाच्या अधीक्षकांसाठी हा अभिप्राय.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे बोलावण्याची पद्धत. बऱ्याच शाळांत शिपाई चालू तासाला चिठ्ठी घेऊन येतो, नाव पुकारतो, आणि मधल्या सुट्टीपर्यंत 'बालगृहातली ना ती' ही कुजबूज वर्गभर झालेली असते. पुढच्या वेळी ते मूल पोट दुखतंय म्हणून शाळेतच येत नाही. इथे जून-जुलैत वर्गातल्या प्रत्येकाची 20 मिनिटांची भेट होते, त्यामुळे कक्षात जाण्याला शिक्का राहत नाही. पुढे गरज असलेल्यांना आठवड्याला 40 मिनिटं. तास आलटूनपालटून घेतात, पण खेळाचा तास कधीच नाही. तो काढून घेतला की भेट शिक्षा वाटते.

खोली लहान आहे, पण विचार करून मांडलेली. दार मुख्याध्यापकांच्या कार्यालयासमोर उघडत नाही. खुर्च्या समोरासमोर नाहीत, तिरक्या आहेत. नजर चुकवायची तर चुकवता येते. मुलाची खुर्ची दाराकडे तोंड करून. टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला शाडूचा गोळा. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा हात मोकळे असताना गप्प बसतो, गोळा मळता मळता बोलायला लागतो.

पहिल्याच भेटीत समुपदेशक ताई सांगतात की बोललेलं इथेच राहील, पण जिवाला धोका असेल किंवा कुणी छळ करत असेल तर ते पुढे सांगावं लागेल. लैंगिक अत्याचाराची माहिती पोक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारकच आहे. हे नंतर कळलं तर मुलाला दगा झाल्यासारखं वाटतं. पहिल्या तीन भेटींत आई-वडिलांचा विषय त्या स्वतःहून काढत नाहीत. झोप, जेवण, बाकावर शेजारी कोण, एवढंच. या वयात दुःख रडण्यातून कमी दिसतं. चिडचिड, वर्गात झोपणं, डबा लपवून ठेवणं, अचानक घसरलेले गुण यांतून जास्त. वर्गशिक्षकांनाही हे समजावून दिलेलं आहे.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे तारखांची वही. आई-वडिलांची पुण्यतिथी, भाऊबीज, आणि पितृपक्ष. रामकुंडावर त्या पंधरवड्यात पिंडदानाची गर्दी असते आणि मुलांची शाळेची वाट तिथूनच जाते, म्हणून त्या दिवसांत रोज एक तास मोकळा ठेवतात. दहावीच्या बोर्डाच्या अर्जाची तारीखही वहीत आहे. त्यात आईच्या नावाचा रकाना असतो. ताई आधीच बालगृहाच्या फाइलमधून नाव आणि स्पेलिंग तपासून घेतात, म्हणजे भर वर्गात 'आईचं नाव काय रे?' असा प्रश्न येत नाही.

आता उणिवा. समुपदेशकाची नेमणूक 11 महिन्यांच्या करारावर आहे. जूनमध्ये माणूस बदलला की मुलाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि आधीच माणसं गमावलेल्या मुलासाठी हा आणखी एक निरोप असतो. निदान चार निरोपाच्या भेटी हव्यात, त्यातल्या दोन नव्या ताईंसोबत. गेल्या वर्षी एकच झाली. शाळेनं हे मनावर घ्यावं.

अठरानंतर काय, याचं उत्तरही कक्षाकडे नाही. अनाथ प्रमाणपत्र, राज्यातलं 1 टक्का आरक्षण, 18 ते 21 वयातलं अनुरक्षण (बालगृह सोडल्यानंतरचा आधार) हे नववीपासूनच सांगायला हवं. ती काळजी मुलांच्या डोक्यात तेव्हापासूनच असते. प्रमाणपत्राची कागदपत्रं बालगृहात असतानाच गोळा केलेली बरी.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कक्ष बंद. तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हे नंबर मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून द्या, आणि सुट्टी लागण्याआधी एकदा तुमच्यासमोर त्याला फोन लावून बघू द्या.