‘द ग्रेट एस्केप’ की ‘रिव्हर क्वाय’?
युद्धकैद्यांवरचा एकच सिनेमा बघायचा तर ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) की ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७)?

पहिल्यात धमाल आहे. भुयारातली माती विजारीत लपवलेल्या पिशव्यांतून, दोरी ओढून, पहारेकऱ्यांच्या नाकावर टिच्चून सांडणारे कैदी! अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनची मोटरसायकलवरची उडी मात्र निव्वळ फिल्मी. प्रत्यक्षात १९४४ साली जर्मनांच्या छावणीतून ७६ जण निसटले, ७३ पकडले गेले, त्यातल्या ५० जणांना गोळ्या घातल्या.

तरी माझं मत ‘क्वाय’ला. अधिकारी अंगमेहनत करणार नाहीत, या हट्टापायी तापलेल्या पत्र्याच्या खोक्यात दिवस काढणारा ब्रिटिश कर्नल निकल्सन पुढे शत्रूचाच, म्हणजे जपान्यांचा, रेल्वेपूल वेळेत व्हावा म्हणून इस्पितळातल्या आजाऱ्यांनाही कामाला लावतो. वर पुलावर आपल्या सैनिकांच्या नावाची पाटीही ठोकतो! जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या खऱ्या सयाम-बर्मा रेल्वेवर कैदी हजारोंनी मेले. ते हाल इथे बरेच सौम्य दिसतात.