रेच्याच्या फाटकासमोरचं हॉटेल

वर्धा जिल्ह्यातल्या कापसाच्या गावात हॉटेल म्हटलं की राहायची खोली कुणाच्या मनात येत नाही. टिनाचं छत, मातीची भट्टी, दोन लांब बाकडी, एका परातीत आलुबोंडे आणि दुसरीत भजी, एवढ्यालाच हॉटेल म्हणतात. जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याला, जुनी माणसं अजून रेचा म्हणतात, आणि रेच्याच्या फाटकासमोर असं एखादं हॉटेल असायचंच. हे परीक्षण त्यातल्याच एका बंद झालेल्या हॉटेलाचं आहे. तिथे काय चांगलं होतं आणि काय वाईट होतं, हे दोन्ही लिहून ठेवण्यासारखं आहे.

जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाने संध्याकाळी उजळ माथ्याने बसावं अशी जागा म्हणजे देवळाचा पार, नाहीतर हे हॉटेल. पुसाच्या थंडीत पारावर बसवत नाही; इथे भट्टीची ऊब होती.

आधी तर्रीबद्दल, म्हणजे चण्यांच्या तिखट, तेलाचा लाल थर आलेल्या रश्श्याबद्दल, कारण हॉटेलाची खरी ओळख तीच. पन्नासेक प्लेटींना दीड किलो काळे चणे रात्री भिजत घालायचे. सोबत दोन किलो कांदा, चारशे ग्रॅम भाजलेलं खोबरं, थोडी खसखस, मसाला वेलची, दगडफूल आणि पाऊण लिटर तेल. तिखट भिवापुरी मिरचीचं. मसाल्याला तेल सुटेपर्यंत परतायचं, मग चणे टाकायचे आणि वरून उकळतं पाणी ओतायचं. घाईत गार पाणी ओतलं की उकळी मोडते, मसाला तेलाला धरून बसतो आणि वर लाल थर येतच नाही. मग कितीही तेल वाढवा, रस्सा मळकटच दिसतो. दुसरी चूक तिखटाची. धूर निघालेल्या तेलात तिखट टाकलं की ते काळं पडतं आणि कडवट चव शेवटपर्यंत जात नाही. इथे तिखट कांद्यानंतर, आच कमी करून पडायचं. बंडीवाले, म्हणजे बैलगाडीने कापूस आणणारे, घरून भाकरी आणायचे आणि नुसता रस्सा घ्यायचे. तोही वाटी भरून मिळायचा, तोंड न वाकडं करता. ही मोठी गोष्ट होती.

आलुबोंडाही नीट होता. पाच किलो आलूंचे साठेक बोंडे, त्याला दीड किलो बेसन आणि जवळपास तेवढंच पाणी. सारणात सांबार (म्हणजे कोथिंबीर), हिरवी मिरची आणि लसूण भरपूर. सारण परातीत पसरून पूर्ण निवल्याशिवाय गोळे वळायचे नाहीत, हा इथला नियम. गरम सारणातली वाफ तेलात बेसनाचं आवरण फोडते, फटीतून तेल आत शिरतं आणि बोंडा हातात घेतला की बोटं निथळतात. सोडा चिमूटभरच. जास्त झाला तर भजं फुगतं, पण तेलही तेवढंच पितं.

जळणाची समज तर आजच्या गॅसवाल्यांनी घ्यावी अशी. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) आणि तुराट्या (तुरीच्या) भरभर पेटतात, ज्वाळ मोठी देतात आणि तितक्याच लवकर विझतात. म्हणून त्या फक्त चहाच्या गंजाखाली. तळणाला आच एकसारखी लागते, तिथे बाभळीची लाकडं. पऱ्हाट्यांवर तळलेलं भजं बाहेरून लाल आणि आत कच्चं राहतं.

चहा एक लिटर पाणी आणि एक लिटर दूध या हिशेबाचा, चाळीस ग्रॅम पत्ती. आलं ठेचून पाण्यातच उकळायचं, दूध मागाहून. कच्चं आलं थेट दुधात पडलं तर दूध फाटायची भीती असते. साखर मात्र फार. ज्याला कमी लागते त्याची इथे सोय नव्हती.

उणिवा होत्याच. भट्टीला धुराडं नव्हतं. वारा उलटा फिरला की बाकड्यावरच्या माणसाचे डोळे झोंबायचे. कप एकाच बादलीत बुचकळले जायचे. बाजाराच्या दिवशी तेल बदललं जायचं नाही. दुपारनंतर कढईत फेस चढू लागला आणि मंद आचेवरही धूर दिसू लागला की ते तेल संपलं समजावं. त्या वेळी इथे भजी न घेणंच शहाणपणाचं होतं.

हॉटेल बंद का झालं, याचं उत्तर चवीत सापडत नाही. ते चालत होतं रांगेवर. १९७२-७३ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा. दसऱ्यानंतर वेचणीचा माल येऊ लागला की फाटकापासून बंड्यांची रांग लागायची आणि प्रतवारी, मोजमाप होईस्तोवर रात्री तिथेच निघायच्या. बैल सोडून, कापसाच्या उबेत झोपलेली माणसं पहाटे चारला चहा मागायची, म्हणून भट्टी रात्रभर धुमसती ठेवायचे. चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्यांनी यायचे, तशी उधारीही हप्त्यांनी फिटायची. सालदारांचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचा, हिशेब गुढीपाडव्याला, कारण त्यांचं साल पाडव्याला बदलतं.

२००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि खेडा खरेदी वाढली. व्यापाऱ्याची गाडी थेट दारात येते, अंगणातच काटा लागतो, नगदी हातात पडते. शेतकऱ्याला हे सोयीचं आहे, त्याला नावं ठेवता येणार नाहीत. रांगेत त्याचे हाल फार झाले. पण रांग गेली तशी पहाटेची गिऱ्हाइकी गेली, आणि दिवसाच्या चहावर बाभळीच्या लाकडांचाही खर्च निघेना. आता सडकेवरच्या टपरीत पुड्यातली शेव आणि कागदी कपातला चहा मिळतो. बसायला बाकडं नाही, उभ्यानेच प्यायचा.

इथली भट्टी अजून शाबूत आहे. तोंडाजवळ बोटभर भेग आहे आणि आतला थर सुटला आहे, एवढंच. कुणाला ती पेटवायची असेल तर मोडू नये. जुना भुगा खरवडून काढावा, जागा ओली करावी, पांढऱ्या मातीत गव्हाचा भुसा आणि शेण मुरवून रात्रभर ठेवावं आणि दोन पातळ थरांत लिंपावं. एकच जाड थर दिला तर वाळताना पुन्हा तडकतो. सावलीत चार दिवस वाळू द्यावी, मग पहिले तीन दिवस मूठभर तुराट्यांचाच जाळ. बाभूळ त्यानंतर, आणि या वेळी मागच्या भिंतीतून धुराडं काढूनच.