ग्रीन कार्डसाठी "को-स्पॉन्सर मिळवून देतो" म्हणणारा भेटला तर आधी हे वाचा

नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीन कार्ड करताय आणि इन्कम कमी पडतंय, अशांसाठी हे लिहितेय, कारण हा माणूस नेमका अशाच लोकांना गाठतो.

मी न्यू जर्सीत एडिसनला असते, सिटिझन आहे, टिफिन आणि छोट्या केटरिंगचा धंदा आहे. नवरा साताऱ्याला. आय-१३० (नातं सिद्ध करणारा अर्ज) अप्रूव्ह झाला, केस एनव्हीसीला, म्हणजे व्हिसाचे कागद गोळा करणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरला गेली आणि मग पुढ्यात आला तो आय-८६४, म्हणजे अफिडेव्हिट ऑफ सपोर्ट, येणाऱ्या माणसाला पोसण्याची हमी. त्यात दाखवावं लागतं की घरात पॉव्हर्टी गाइडलाइनच्या (सरकारने ठरवलेली गरिबीची रेषा) १२५ टक्के तरी इन्कम आहे, २०२५ च्या तक्त्यात दोघांच्या घराला ते २६,४३७ डॉलर होतं. आता वर्षाचा गल्ला बघाल तर मी त्याच्या बरीच वर, पण धंदेवाल्यांचा गल्ला धरत नाहीत ना, शेड्यूल सी मध्ये (टॅक्स रिटर्नमधला धंद्याचा हिशोब) किचनचं भाडं, किराणा, डबे, गाडीचे माइल्स सगळं वजा करून जे उरतं ते धरतात, आणि माझं उरलं होतं १७,९००. टॅक्स वाचावा म्हणून सीपीए (अकाउंटंट) प्रत्येक खर्च लावतो तेव्हा बरं वाटतं, स्पॉन्सर करायची वेळ आली की तेच आडवं येतं.

आपल्याच लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी याचा नंबर टाकला होता, "इमिग्रेशन कन्सल्टंट, मराठीत बोला". फोनवर इतका गोड, ताई ताई करत, सासर कुठलं विचारलं, सातारा म्हटल्यावर कंदी पेढ्यांवर आला. मग हळूच घाबरवायला सुरुवात. "ताई, एवढ्या इन्कमवर मुंबईला इंटरव्ह्यूला गेले तर २२१-जी चा कागद देऊन परत पाठवतील भाऊजींना, मग बसा वाट बघत." २२१-जी म्हणजे कागद अपुरे म्हणून व्हिसा अडवून ठेवणं. हे पूर्ण खोटं पण नाही, इन्कम सिद्ध नाही झालं तर असं होतं खरंच, म्हणूनच माणूस अडकतो. उपाय त्याच्याकडे तयार, जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे आपल्याबरोबर सही करून हमी घेणारा दुसरा माणूस: "माझ्याकडे जॉइंट स्पॉन्सर आहेत, वर्षाला ८४ हजारवाले, पॅकेज २,८००". अर्धे आधी, आणि वर ५५० "स्पॉन्सर रजिस्ट्रेशनची गव्हर्न्मेंट फी". सगळं झेलवर, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सोयीने.

अशी कुठलीही फी नसते. एनव्हीसीच्या दोनच फिया, अफिडेव्हिट ऑफ सपोर्टची १२० आणि व्हिसा अर्जाची ३२५, आणि त्या आपण स्वतः स्टेट डिपार्टमेंटच्या सीईएसी साइटवर लॉगिन करून आपल्या अकाउंटमधून भरतो. जॉइंट स्पॉन्सर आणला म्हणून वेगळं काही भरायचं नसतं. मला मात्र ५५० ची "रिसीट" पण आली, गरुडाचा शिक्का वगैरे असलेली!

मग स्पॉन्सरचे कागद आले पीडीएफमध्ये. त्या माणसाशी एकदा बोलायला द्या म्हटलं तर "ते बिझी असतात ताई, आणि प्रायव्हसी असते". आयआरएसचं, म्हणजे टॅक्स खात्याचं, ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या रिटर्नचा उतारा) मागितलं तर म्हणे त्याला महिने लागतात. ट्रान्सक्रिप्ट आयआरएसच्या साइटवर स्वतःचं अकाउंट असेल तर लगेच डाउनलोड होतं, फुकट. माझी एक मैत्रीण टॅक्सचं काम करते तिला कागद दाखवले, तिने डब्ल्यू-२ वर (नोकरी देणारा देतो तो वर्षाच्या पगाराचा कागद) एक नजर टाकली आणि म्हणाली हे बनावट आहे. वेजेस ८४,००० असतील तर सोशल सिक्युरिटी टॅक्सच्या खान्यात ६.२ टक्क्यांनी ५,२०८ यायला पाहिजे, इथे ४,१०० च्या आसपास काहीतरी ठोकून दिलेलं. बनवणाऱ्याला साधा गुणाकार पण करायचा कंटाळा.

त्याला सांगितलं की फॉर्ममध्ये प्रिपेअररचा भाग असतो, दुसऱ्याने भरून दिला तर त्याने तिथे सही करायची असते, ती तुम्ही करा. "मी फक्त हेल्प करतोय, माझं नाव कुठे नको." त्यानंतर डीपी गायब, फोन बंद. बँक म्हणाली झेल तुम्ही स्वतः पाठवलंय, आम्ही काही करू शकत नाही. १,९५० डॉलर गेले. पण ते कागद अपलोड झाले असते तर त्यापेक्षा वाईट झालं असतं, खोटे कागद देऊन व्हिसा मागितला असं नवऱ्याच्या नावावर लागलं की कायमची बंदी येऊ शकते, आणि मी कुठल्या तोंडाने सांगणार होते की आम्हाला माहीत नव्हतं.

नंतर एका खऱ्या अटर्नीकडे पैसे देऊन एक कन्सल्टेशन घेतलं (लायसन्स राज्याच्या वकिलांच्या बारच्या यादीत आधी तपासून), तेव्हा जॉइंट स्पॉन्सर म्हणजे काय ते नीट कळलं. सही करणारा माणूस सरकारला कायद्याने बांधला जातो, आणि ते बंधन आलेला माणूस सिटिझन होईपर्यंत किंवा त्याच्या कामाचे ४० क्वार्टर, म्हणजे साधारण १० वर्षं, भरेपर्यंत सहसा सुटत नाही, घटस्फोट झाला तरी नाही. कुणी अनोळखी माणूस २,८०० मधला आपला वाटा घेऊन एवढं गळ्यात घालून घेईल का? मावसभाऊ अटलांटाला आहे, त्याने सुद्धा दोन रात्री विचार करून मग हो म्हटलं, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

पण त्याची गरजच पडली नाही, आणि राग येतो तो इथे. इन्कम कमी पडलं तर ॲसेट्स दाखवता येतात, सिटिझनच्या नवरा-बायकोच्या केसमध्ये जेवढी तूट त्याच्या तिप्पट, बाकीच्यांना बहुतेक वेळा पाचपट. माझी तूट ८,५३७, तिप्पट २५,६११. आणि हे ॲसेट्स जो येणार आहे त्याचे पण चालतात! नवऱ्याने वाईजवळचा प्लॉट विकून ठेवलेली एफडी होती, २५ लाखांच्या वर. बँकेकडून लेटरहेडवर अकाउंट कधी उघडलं, वर्षभरात किती भरले, आज किती आहेत एवढं लिहून घेतलं, वर्षाच्या आत पैसे मोकळे होतील असा हिशोब जोडला, आणि फॉर्म गेला. त्या कन्सल्टंटने सासरचे पेढे विचारले, नवऱ्याकडे काय आहे हे एकदाही नाही विचारलं, विचारलं असतं तर पॅकेज कुणाला विकणार.

एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी अमेरिकन सरकारची संस्था) आणि राज्याच्या कंझ्युमर अफेअर्सकडे तक्रार टाकलीय, पैसे परत यायची आशा सोडली आहे. परवा एका दुसऱ्या ग्रुपवर तसाच मेसेज दिसला, नाव वेगळं, नंबर वेगळा, आता "गुजराती-मराठीत बोला". ५५० ची रजिस्ट्रेशन फी मागितली तर तोच आहे, स्क्रीनशॉट काढा आणि मला पाठवा, तक्रारीला जोडते.