पॅराडाइज लॉस्टचा 'गॉथिक' : काही महिन्यांच्या सलग ऐकण्यानंतर

इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशरच्या हॅलिफॅक्स गावात १९८८ मध्ये उभ्या राहिलेल्या पॅराडाइज लॉस्ट या बँडचा दुसरा अल्बम 'गॉथिक' पीसव्हिल रेकॉर्ड्सने मार्च १९९१ मध्ये प्रकाशित केला. दहा रचना आणि चाळीस मिनिटांच्या आतबाहेरचा हा अल्बम गेले काही महिने माझ्या नियमित ऐकण्यात आहे. कधी सीडीवर मोठ्या स्पीकरमधून, कधी रात्री हेडफोनवर, बहुतेक वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग असा तो मी ऐकला आहे. गॉथिक मेटल या हेवी मेटलच्या उदास, सुरावटप्रधान प्रकाराचा आरंभबिंदू म्हणून त्याचे नाव नेहमी घेतले जाते आणि पुढच्या प्रकाराला नावही याच शीर्षकाने पुरवले, असे त्याचे चाहते मानतात. ऐतिहासिक महत्त्व मान्य करूनही, पस्तीस वर्षांपूर्वीचा हा अल्बम आज स्वतःच्या बळावर ऐकवतो का, आणि त्याचे चाहते त्याच्याकडे पुन्हा पुन्हा का वळतात, हे मला समजून घ्यायचे होते.

ज्यांनी हा बँड पुढच्या काळातल्या अल्बममधून ओळखला आहे, त्यांना पहिल्या ऐकण्यात धक्का बसण्याची शक्यता आहे. निक होम्स इथे जवळजवळ सर्वत्र डेथ मेटल या मेटलच्या वेगवान, उग्र प्रकाराच्या पद्धतीने, घशाच्या तळातून काढलेल्या खरखरीत आवाजात गातो आणि त्याचे शब्द कागदावर वाचल्याशिवाय फारसे कळत नाहीत. लय मात्र डेथ मेटलची नाही. १९९० च्या 'लॉस्ट पॅराडाइज' या पहिल्या अल्बममध्येच बँडने वेग उतरवून कँडलमास, ट्रबल यांसारख्या डूम मेटल बँडच्या संथ, जड चालीकडे कल दाखवला होता, परंतु तिथे सगळा भर वजनावर आणि काळोखावर होता. 'गॉथिक'मध्ये त्याच वजनावर सुरावट आली, आणि अवघ्या एका वर्षात झालेला हा बदल दोन्ही अल्बम एकामागून एक ऐकल्यास अक्षरशः थक्क करतो. त्या वेळी बँडमधली मंडळी जेमतेम विशीची होती, हे लक्षात घेतल्यावर तर अधिकच.

शीर्षकगीतापासूनच अल्बम आपली सगळी सामग्री समोर मांडतो. जड गिटार, तिच्यावरून वाहणारी शोकाकुल सुरावट, तंतुवाद्यांचा वाद्यवृंद, सारा मॅरियन या गायिकेचा उंच, स्वच्छ स्वर आणि त्याला लागूनच होम्सची गर्जना हे सारे पाच मिनिटांच्या आत ऐकू येते. मेटलमध्ये स्त्रीस्वर आणि वाद्यवृंद आणण्याचा प्रयोग स्वित्झर्लंडच्या सेल्टिक फ्रॉस्टने 'इंटू द पँडेमोनियम'मध्ये १९८७ सालीच केला होता, आणि त्याचा प्रभाव इथे उघड आहे. फरक असा की सेल्टिक फ्रॉस्टच्या त्या अल्बममध्ये प्रत्येक गाणे एका वेगळ्या दिशेला जाते. इथे मात्र ते घटक एकाच दुःखी भावावस्थेच्या सेवेत लावलेले आहेत. जवळच्याच लीड्स शहरातून आलेल्या सिस्टर्स ऑफ मर्सीचा गॉथ रॉक आणि डेड कॅन डान्सचे गूढ, विलंबित संगीत हेही या मुलांच्या कानांवरून गेलेले होते. डेथ मेटल वाजवणाऱ्या तरुणांनी अशा संगीताकडे गंभीरपणे पाहणे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

सुरुवातीच्या दिवसांत माझे लक्ष साहजिकच या स्त्रीस्वराकडे आणि वाद्यवृंदाकडे जात असे. आता सवयीने ते घटक आपल्या जागी स्थिरावले आहेत आणि एक गोष्ट स्पष्ट झाली आहे, ती म्हणजे त्यांचा वापर फार बेताचा आहे. पुढच्या दशकात रूढ झालेली, स्त्री आणि पुरुष गायकांनी आळीपाळीने कडवी वाटून घेण्याची रीत इथे अजून जन्माला आलेली नाही. मॅरियनचा स्वर येतो, काही क्षण वर तरंगतो आणि निघून जातो. होम्सला तो उत्तर देत नाही, त्याची समजूत काढत नाही. दोघे एकाच गाण्यात असूनही एकमेकांना ऐकू येत नसावेत, असे वाटत राहते. माझ्या मते या अल्बमची खरी ताकद याच अंतरात आहे. कोमल आणि कराल यांचे मिश्रण करण्याची पाककृती अजून कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी, न मिसळता उभ्या राहिल्या, आणि त्यामुळे जो ताण निर्माण झाला तो नंतरच्या, कितीतरी अधिक सफाईदार अल्बममध्ये मला सापडत नाही.

महिन्यांच्या ऐकण्यानंतर सर्वांत वर आलेली गोष्ट म्हणजे ग्रेगर मॅकिन्टॉशची लीड गिटार. मेटलमध्ये लीड गिटार बहुधा गाण्याच्या मध्यावर येऊन आपले कौशल्य दाखवते आणि बाजूला होते. मॅकिन्टॉश इथे गिटारला गायकाचे काम देतो. दुसरा गिटारवादक ऍरन एडी खाली जाड, एकसारखे कॉर्ड धरून बसतो, स्टीव्ह एडमंडसनचा बास त्याच्याशी जवळजवळ एकजीव होतो, आणि या स्थिर जमिनीवरून मॅकिन्टॉशची सुरावट दीर्घ, किंचित कापऱ्या स्वरांनी पुढे सरकते. त्याच्या बोटांत विलक्षण वेग आहे, असे नव्हे. मात्र एका स्वरावर किती थांबायचे आणि तो किती ओढायचा, याची त्याची जाण विसाव्या वर्षी इतकी पक्व होती की, होम्सचा आवाज आशयातला संताप सांगतो आणि त्यातले दुःख ही गिटार सांगते, अशी सरळ वाटणी झाली आहे. ज्या श्रोत्यांना गर्जना सहन होत नाही, त्यांनी काही दिवस केवळ या गिटारचा माग धरून अल्बम ऐकावा, असे मी आग्रहाने सुचवेन. काही काळाने आवाज हा त्या सुरावटीखालचा एक खर्जाचा थर वाटू लागतो.

'इटर्नल' हे गाणे या दृष्टीने माझ्यासाठी अल्बमचा कळस ठरले आहे. चार मिनिटांच्या आत ते इतकी अवस्थांतरे करते, आणि तरीही कुठे जोडकाम केल्यासारखे वाटत नाही. 'रॅप्चर'मध्ये संथपणा आणि अचानक उसळणारी गती यांचा खेळ जास्त उघड आहे, तर 'शॅटर्ड'मध्ये गॉथ रॉकचा ठेका स्पष्ट जाणवतो. 'एंजल टिअर्स' ही मधली छोटी वाद्यरचना श्वास घेण्यापुरती विश्रांती देते. 'फॉलिंग फॉरएव्हर' आणि 'द पेनलेस' ही गाणी वाईट नाहीत. मात्र पहिल्या अर्ध्या भागातली एकाग्रता तिथे थोडी सैल होते, आणि सलग ऐकताना माझे मन याच टप्प्यावर भरकटते.

उणिवांबद्दल स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. ड्यूजबरीच्या ऍकॅडमी स्टुडिओत केलेले हे ध्वनिमुद्रण आजच्या मोजमापाने गढूळ आहे. दोन्ही गिटार मधल्या पट्टीत एकमेकांवर चढतात, बास वेगळा ओळखू येत नाही, आणि मॅथ्यू आर्चरच्या ड्रमचा नाद काही ठिकाणी पातळ वाटतो. गती बदलण्याच्या जागी त्याचा ताल क्वचित डळमळतो, तेही हेडफोनवर लपत नाही. वाद्यवृंदाचा भाग काहीसा दूरचा, कृत्रिम ऐकू येतो. स्वच्छ, काटेकोर ध्वनीची सवय झालेल्या श्रोत्याला हे सारे सुरुवातीला खटकेल. माझा अनुभव असा की हेडफोनपेक्षा खोलीतल्या स्पीकरवर, मध्यम आवाजात, हा अल्बम अधिक न्याय्य वाटतो, कारण तिथे गिटारचा जाड थर हवेत पसरतो आणि लीड त्यावर आपोआप उठून दिसते. फार मोठ्या आवाजात मात्र मधली पट्टी कानांना थकवते. या गढूळपणाची काही चाहते धुक्याशी तुलना करून भलामण करतात. मला ती पूर्ण पटत नाही, परंतु हा ध्वनी चकचकीत केला असता तर आधी सांगितलेला तो ताणही उरला नसता, हेही तितकेच खरे आहे.

या अल्बमचा माग पुढे अनेकांनी काढला. पीसव्हिलच्याच छत्राखाली ब्रॅडफर्डच्या माय डाइंग ब्राइडने व्हायोलिन आणले आणि लिव्हरपूलच्या अनाथेमाने आपली वेगळी वाट शोधली. या तिघांना मिळून चाहते आजही पीसव्हिलचे त्रिकूट म्हणतात. नॉर्वेच्या थिएटर ऑफ ट्रॅजेडीने १९९५ च्या पहिल्या अल्बममध्ये स्त्रीस्वर आणि गर्जना यांचा पूर्ण संवाद रचला, आणि तिथून तो एक ठरीव साचा बनला. स्वतः पॅराडाइज लॉस्ट मात्र त्या साच्यात थांबला नाही. १९९२ च्या 'शेड्स ऑफ गॉड'पासून होम्सचा आवाज बदलू लागला, 'आयकॉन' आणि 'ड्रॅकोनियन टाइम्स'ने बँडला मोठा श्रोतृवर्ग दिला, आणि १९९९ च्या 'होस्ट'पर्यंत तर ते इलेक्ट्रॉनिक संगीतात पोहोचले होते. २०१५ च्या 'द प्लेग विदिन'मध्ये गर्जना परतली, तेव्हा जुन्या चाहत्यांना झालेला आनंद मी समजू शकतो. 'गॉथिक'वर त्यांचा जीव का आहे, हे या प्रवासाकडे पाहिल्यावर उमगते. बँडने पुन्हा याच पद्धतीचा दुसरा अल्बम केला नाही, त्यामुळे ज्याला ही विशिष्ट चव हवी आहे, त्याला याच एका अल्बमकडे यावे लागते.

ज्यांना या बँडची अजिबात ओळख नाही, त्यांनी मात्र इथून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. आधी 'ड्रॅकोनियन टाइम्स' ऐकावा. तिथे सुरावट मोकळी आहे, गायन समजते आणि मॅकिन्टॉशची शैली ओळखीची होते. त्यानंतर 'गॉथिक' हाती घेतला, तर तीच गिटार किती लहान वयात, किती प्रतिकूल ध्वनीत आणि किती धीटपणे बोलत होती, हे लगेच ध्यानात येते. डेथ मेटल आधीच ऐकणाऱ्यांनी उलट 'लॉस्ट पॅराडाइज' आणि 'गॉथिक' हे दोन्ही एकाच बैठकीत, त्याच क्रमाने ऐकावेत.