वेंगुर्ल्यात गोवा-मुंबई मॅच बघायची तर इथेच

वेंगुर्ला बाजारातून बंदराकडे जाताना उजव्या हाताला एक जुनं कौलारू जेवणाचं हाटेल लागतं, बोर्ड अर्धा पुसलाय, त्याच्याबद्दल लिहितोय. मासे चांगले मिळतात हे गावाला माहितीय, पण आयएसएलच्या, म्हणजे फुटबॉल लीगच्या मॅचच्या संध्याकाळी तिथे काय माहोल असतो ते बाहेरच्यांना माहीत नाही आणि ते कळायलाच हवं.

आमच्या सिंधुदुर्गात कुठला क्लब आपला, एफसी गोवा की मुंबई सिटी, हा प्रश्न घराघरात आहे. एक भाऊ म्हापशाला कामाला तर दुसरा मुंबईत चाकरमानी. गोव्याचं फातोर्डा स्टेडियम दोन-अडीच तासांवर आणि मुंबई अख्खी रात्र, तरी मन कोणाचं कुठे असेल सांगता येत नाही. मी गोव्याच्या टीमचा, लहानपणापासून. या हाटेलात गोव्याची नारिंगी आणि मुंबईची निळी जर्सी एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसते आणि मालकांचा नियम एकच, ओरडा किती पण, सोडून गेलेल्या प्लेअरला आईबहिणीवरून शिव्या द्यायच्या नाहीत.

आता हा नियम पाळणं गोव्यावाल्यांना किती जड जातं ते बघा. 2020 मध्ये आपला कोच लोबेरा गेला, सीझन संपायच्या आधीच त्याला काढला होता, आणि नंतर तो मुंबईचा कोच झाल्यावर आपले प्लेअर जाहू, फॉल, बूमूस, आपला मंदार राव देसाई सगळे तिकडे. 2020-21 च्या सेमीफायनलला मुंबईने आपल्यालाच पेनल्टीवर बाहेर काढलं आणि लीगमध्ये पहिलं आल्याची शील्ड आणि फायनलचा कप दोन्ही नेलं. मग इगोर अँगुलो, आपल्याकडे 14 गोल मारून सर्वाधिक गोलचा गोल्डन बूट घेतला आणि पुढच्याच सीझनला पहिल्या मॅचला मुंबईकडून आपल्यावर दोन गोल, 3-0. आणि मग 2024 मध्ये आपला मिडफिल्डर ब्रँडन फर्नांडिस.

24 एप्रिल 2024 ची मुंबईविरुद्धची सेमीफायनल मी इथेच बघितली. आपल्या बोरिसने 16व्या मिनिटाला मारला, 56व्याला ब्रँडनने दुसरा, लोक बाकावर चढले, आतून आचारी कालथा घेऊन बाहेर आला. हाटेलातला टीव्ही नेटवर चालतो म्हणून थोडा मागे असतो, आणि शेजारच्या घरात डिशवर तीच मॅच चालू. 90व्या मिनिटाला आमच्या स्क्रीनवर बॉल अजून मधेच होता आणि शेजारून मुंबईवाल्यांचा आरडाओरडा ऐकू आला. सगळे गप्प झाले, कारण काय येणार ते कळलं होतं आणि तरी बघत बसावं लागलं. मुंबईचा छांगते. मग लगेच त्यांचाच विक्रम प्रताप. मग 96व्याला परत छांगते, 2-3. तीनही वेळा आधी भिंतीपलीकडून आवाज आणि मग आमच्या डोळ्यासमोर गोल. असला त्रास मी आयुष्यात कुठल्या मॅचला भोगला नाही.

आणि त्याच मॅचला आपल्यासाठी गोल मारणारा ब्रँडन काही महिन्यात मुंबईत गेला. त्यानंतर एकदा एक पोरगा टीव्हीवर तो दिसल्यावर सुटलाच, तर मालक गल्ल्यावरून उठून आले आणि म्हणाले, "त्येणा गोल मारल्यान तेव्हा तू नाचलंस मा? मगे आता गाळी कित्याक?" पोरगा खाली बसला. मला ते पटलं, राग येतोच पण त्याने इतकी वर्षं जे खेळून दिलं ते आपलंच आहे, ते कोणी परत नेत नाही. गल्ल्यामागच्या भिंतीवर पेपरातली कात्रणं चिकटपट्टीने लावलीत, गोव्याचा जुना स्ट्रायकर कोरो, मंदार, ब्रँडन, चिकटपट्टी पिवळी पडलीय, कडा सुटल्यात, पण कोण क्लब सोडून गेला म्हणून एकही काढलेलं नाही.

जेवणाचं सांगतो. बांगड्याचं तिखलं मागवाच, तिरफळ ताजं असतं आणि वाटणाला पाट्यावरची चव आहे. सुरमई थाळी भरपूर, तुकडा जाड, सोलकढी दुसऱ्यांदा मागितली तर तोंड वाकडं करत नाहीत. कोंबडी वडे मात्र मॅचच्या दिवशी नका मागवू, गर्दीत वडे आधीच तळून ठेवतात आणि चामट होतात.

तक्रारी आहेत. टीव्ही फार उंच लावलाय, पुढच्या बाकावर मान दुखते. एकच मोठा पंखा, एप्रिलमध्ये घामाने निथळायला होतं. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो पण नेट कधी कधी जातं आणि मग सगळे एकाच मोबाईलवर वाकतात, मालकांनी डिश घ्यावी ही माझी मनापासून विनंती आहे, शेजारच्यांचे गोल आधी ऐकणं आता सहन होत नाही.

मॅच साडेसातची असली तरी सहालाच जा, कारण हाफटाइमपर्यंत मासे संपतात आणि मग डाळ-भातावर भागवावं लागतं. टेबल फोनवर ठेवत नाहीत. जीपेला रेंज नसते, सुट्टे पैसे घेऊन जा. मुंबईवाले असाल तरी बिनधास्त या, बाजूला सरकून जागा देतील.