वळीव आला, ड्रोन आत न्यायचा का?

मे महिना, सोलापुरातल्या होटगी रोडवरचं मंगल कार्यालय, गोरज मुहूर्त. दुपारी पारा ४२ वर आणि साडेपाचला वळीव. मुलीचे मामा येऊन म्हणतात, "भिजू द्या की थोडा, नाहीतर आतच उडवा." ऑपरेटरला ठरवायला दोन मिनिटं मिळतात. माझा हिशोब असा: पावसात ड्रोन गेला तर खिसा आपला, आत गेला तर डोकं वऱ्हाड्याचं.

पावसाचं आधी. मोटारी ब्रशलेस असतात, थेंबांना त्या फारशा दाद देत नाहीत. पाणी खातं ते ईएससी (मोटारींचा वेग सांभाळणारी सर्किटं), बॅटरीचे पॉइंट आणि गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा), आणि तेही सावकाश. हिप्परग्याच्या तलावावर भुरभुर पावसात मी पाचच मिनिटं उडवला होता. पुसला, वाळवला, चालू झाला. आठव्या दिवशी गिंबल थरथरायला लागलं. मिनी ४ प्रोसारख्या २४९ ग्रॅमच्या ड्रोनला पाण्यापासून संरक्षणाचं मानांकनच नसतं. मॅट्रिस ३० या मोठ्या ड्रोनला ते आहे, आयपी ५५, पण पावणेचार किलोचं ते धूड लग्नात कोण आणणार? शिवाय वळवात पावसाआधी वारा येतो. मिनी ४ प्रोची वाऱ्याची मर्यादा सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३८ किलोमीटर. धुळीचा लोट उठला की उतरवायचा.

आत वारा नाही, पाणी नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण छताखाली जीपीएस मिळत नाही. ड्रोन खालच्या कॅमेऱ्याने फरशी बघून जागा धरतो. चकचकीत ग्रॅनाइट आणि डीजेचे लुकलुकते दिवे असले की तो सरकत सुटतो. छताच्या फार जवळ नेला तर वरच ओढला जातो. सिग्नल तुटल्यावर 'घरी परत' लावलेलं असेल तर आधी वर चढेल, थेट झुंबरात. ते सेटिंग बदलून 'जागेवर थांब' करा. आणि अक्षता! "सावधान" म्हणताच चहूबाजूंनी तांदूळ उडतात, पात्यांच्या वाऱ्याने अंतरपाट फडफडतो, मंगलाष्टकांवर भुणभुण चढते. अवातासारख्या कड्यातल्या पंख्यांच्या ड्रोनने बोटं वाचतात, आवाज नाही वाचत.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याची फिल्म करायची तर आत उडवणं परवडतं, पण माग बंद असताना. चालू शेडमध्ये सुताचे तंतू मोटारीच्या दांड्याला गुंडाळले जातात.

लग्नात मी काय करतो? हॉल रिकामा असताना, पात्यांना गार्ड लावून, सजावटीचे दोन शॉट. गार्डने वजन २५० ग्रॅमच्या वर गेलं की ड्रोन नियमांतल्या नॅनो वर्गातून वरच्या मायक्रो वर्गात जातो, हे ध्यानात असू द्या. बाहेरचं उड्डाण वळीव ओसरल्यावर: ओल्या लॉनवरून नको, सतरंजी टाकून, नाहीतर पाती लेन्सवर पाणी उडवतात. परवानगीचं मात्र आदल्या दिवशीच बघा. विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आतलं आकाश हिरव्या पट्ट्यात, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या भागात, येत नाही, आणि होटगी रोडची कार्यालयं तर त्याच्या शेजारीच. मामांना हे सांगितलं की ते म्हणतात, "मग कॅमेऱ्याची क्रेन आणायची होती ना!"